बस्त्याचा चहा आणि माझे दात

लातूरच्या आमच्या साड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक एकटं चहा पीत नाही. हा नियम माझ्या सासऱ्यांचा. त्यांच्या तरुणपणी बाजारातल्या काही दुकानांत गावाबाहेरच्या वस्तीतल्या माणसांसाठी वेगळे कप ठेवलेले असत, दारामागे खिळ्याला अडकवलेले. सासऱ्यांना ते खपत नव्हतं. त्यांनी सगळ्यांचे कप एकाच ताटात मागवायला सुरुवात केली, आणि कुणाच्या मनात किंतू राहू नये म्हणून पहिला कप सगळ्यांदेखत ते स्वतः उचलायचे. आपण लिंगायत, आपल्यात भेद नसतो, असं बोलणारे पुष्कळ असतात. सासरे बोलत कमी आणि चहा पीत जास्त. ते गेले, दुकानाला काचेचं दार लागलं, वर एसी बसला, पण चहाचा नियम तसाच राहिला.

त्यात आमचा धंदा मुख्यतः बस्त्याचा. लग्नाच्या सगळ्या कपड्यांची एकदम खरेदी म्हणजे बस्ता. त्यासाठी औशाकडून, देवणीकडून, सोयरीक लातूरची असेल तर पार उमरीकडूनही माणसं जीप करून येतात. नवरीकडचे आणि नवऱ्याकडचे पांढऱ्या गादीवर समोरासमोर बसतात आणि पहिली साडी उलगडायच्या आत चहा येतो. पुरुषांचा पहिला कप माझा नवरा उचलतो, बायकांचा मी. मी उचलला नाही तर बायकांचे कप तसेच राहतात, चहावर साय धरते आणि सौदाही गार होतो. खरेदी लांबली की आणखी एकदा चहा. बस्ता बांधून झाला, गठ्ठ्याला हळदकुंकू लागलं की वरमाय मालकिणीच्या तोंडात पेढा घालते. लग्नसराईत हे सगळं दिवसभर चालतं. आमचा चहाही असा, की त्याला चहापत्ती घातलेला पाक म्हटलं तरी चालेल.

माझं तोंड कोरडं पडायला नेमकं कधी लागलं ते मला सांगता येत नाही. लातुरात तोंड कोरडं पडणं हा काही आजार नव्हे. आमच्या गावाला रेल्वेनं पाणी आलेलं सगळ्या देशानं पाहिलं आहे; तिथं एका बाईच्या तोंडाला पाणी नाही हे कोण मनावर घेणार? मीही घेतलं नाही. भाकरी घशाखाली उतरेना म्हणून वरणात कुस्करून खाऊ लागले. फुटाणे, शेंगदाण्याची चटणी, खारी असलं काही तोंडात घातलं की पीठ मळल्यासारखं टाळूला चिकटून बसायचं. बोलता बोलता जीभ अडकायची, आणि माझं काम तर बोलण्याचंच. म्हणून गल्ल्याच्या खणात लिमलेटच्या गोळ्यांची बरणी ठेवली. एक गोळी कायम गालात. गोळ्या संपल्या तर खडीसाखर, नाही तर चिंचेचं बोटुक. चिंचेनं तेवढ्यापुरतं पाणी सुटायचं, मला बरं वाटायचं आणि मी पुढची साडी उलगडायची.

पहिला दात गेला तो पोळी खाताना. ऊस नाही, सुपारी नाही, साधी तेल लावलेली मऊ पोळी. दुखलंही नाही. पिठात खडा आला असं वाटून थुंकले, तर तळहातावर माझाच दात, हिरडीपासून मोडलेला. वरचा, हसताना दिसणारा. मी आरशापुढे उभी राहून ओठ मिटून हसायचा प्रयत्न केला आणि मला माझाच राग आला.

लातूरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी गोड फार खाता का म्हणून विचारलं. मी चिडले. म्हणाले, दिवाळीचा लाडूसुद्धा मी अर्धा मोडून घेते, आमच्या घरात गोडाचं वेड कुणालाच नाही. मी खोटं बोलत नव्हते. चहा हा माझ्या लेखी चहा होता, गोळी ही घशासाठी होती आणि पेढा हा धंद्याचा भाग होता. यातलं काहीही मी खाण्यात धरलंच नव्हतं. त्या बिचारीनं दात भरून दिले. पुढच्या लग्नसराईत भरलेल्या दातांच्या कडेनं, हिरडीला लागून, लाकडाला वाळवी लागावी तसं पुन्हा पोखरायला लागलं. आमच्या थोरल्या जाऊबाईंनी मिश्री सुचवली, दात घट्ट होतात म्हणून. मिश्री लावून पाहिली. दात तेवढे काळे झाले. त्यानंतर ज्या दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी एक्स-रे काढून पाहिले आणि सांगितलं, एकेकाच्या मागे किती धावणार, उरलेले सगळे काढू आणि कवळी बसवू. त्यांनाही दोष देत नाही. तोंड कोरडं असतं हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. ते सांगण्यासारखं आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

घरात सगळ्यांना हे पटलं. आमच्याकडे वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी कवळी ही चष्म्याइतकी साधी गोष्ट आहे. जाऊबाई म्हणाल्या, ‘काढून टाक बाई, रोजची झंझट मिटंल.’ नवऱ्यानं लग्नसराई उरकू दे एवढीच अट घातली. मला मात्र धास्ती बसली होती, आणि ती माझ्या आईमुळे.

माझं माहेर देवणीचं. आईला आम्ही अव्वा म्हणतो. अव्वाचे सगळे दात ती चाळिशी ओलांडते न ओलांडते तोच काढले होते. अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, उदगीरहून कवळी करून आणली. ती तिच्या तोंडात राहीना. जेवताना सुटायची, बोलताना खाली यायची, हिरड्यांना फोड यायचे. दुसरी केली, तिचंही तेच. अप्पा सगळ्यांपुढे म्हणायचे की हिच्यात चिकाटी नाही, माणसं महिन्याभरात सरावतात, ही सवयच करून घेत नाही. कवळी डब्यात गेली आणि अव्वा दुधात कालवलेल्या भाकरीवर राहिली. हळूहळू ती पंगतीत बसायची बंद झाली, मग लग्नांना जायची बंद झाली. मला कवळीचं भय नव्हतं, मला त्या डब्याचं भय होतं. मी दुकानात बोलून साडी विकणारी बाई. माझं बोळकं झालं तर मी कुठं बसायचं?

तरीही तारीख ठरवली, कारण दुसरा रस्ता दिसत नव्हता.

मधल्या काळात मुलीकडे नांदेडला गेले होते. तिथं तिच्या लक्षात आलं की मी सकाळी उठले की पापण्या बोटांनी सोडवते, दिवसभर डोळे चोळते. वाळू गेल्यासारखं होतं, वय झालं, असं मी म्हणाले. तिनं ऐकलं नाही, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवून मला डोळे मिटून बसवलं. पट्टी ओली व्हायला हवी होती. ती जवळपास कोरडीच निघाली. मग त्यांनी विचारलं की रडताना पाणी येतं का. मी म्हणाले, आमचं दुकान आहे, रडायला वेळ कुठं असतो. ते हसले नाहीत. कांदा चिरताना, असं त्यांनी विचारलं. कित्येक वर्षं सगळ्या घरात मला एकटीलाच कांदा लागत नव्हता आणि मी ते माझं कसब समजत होते. तोंड कोरडं पडतं का, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. इतक्या वर्षांत हे विचारणारा पहिला माणूस डोळ्यांचा डॉक्टर निघाला.

त्यांनी सांधेदुखीच्या तज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं, असले आजार त्याच बघतात म्हणून. रक्त तपासलं, खालच्या ओठाच्या आतून तांदळाएवढा तुकडा काढून तपासला. आजाराचं नाव निघालं शोग्रेन. शरीराचं आपलंच संरक्षण उलटतं आणि लाळेच्या, अश्रूंच्या ग्रंथी सुकवतं, असं त्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं. आजार पुरता जात नाही, सांभाळावा लागतो. लाळ दातांना दिवसभर धुते, त्यांची झीज भरून काढते. ती नसली की साखरेचा एक कणही दातावर बसून राहतो. मग मी चहा, गोळ्या, चिंच, पेढा सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. मी म्हणाले, आता दात तर काढायचेच आहेत, तारीखही ठरली आहे, कवळीला काही कीड लागत नाही.

‘कवळी लाळेवर धरते,’ त्या म्हणाल्या. ‘तुमच्या तोंडात लाळच नाही, तर ती राहणार कशावर? सुटत राहील आणि हिरड्या सोलून काढील. जे दात आहेत ते राखा. दात गमावणं तुम्हाला परवडणारं नाही.’

मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. मुलीला वाटलं मी माझ्या दातांमुळे घाबरले आहे. मी अव्वाचा विचार करत होते.

परत येताना नांदेडहून लातूरला न जाता आधी उदगीरवरून देवणीला गेले. अव्वा भावाच्या घरी ओसरीवर बसली होती, शेजारी तांब्या. तिच्या शेजारी कायमच तांब्या असायचा, आम्ही कधी त्याचा विचार केला नव्हता. मी तिला सगळं सांगितलं, लाळेचं, डोळ्यांचं, कवळी का राहत नाही त्याचं. तुलाही हेच असेल असं छातीठोक सांगता येणार नाही, तपासावं लागेल, असंही सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं.

‘म्हंजी माझ्यात खोट नव्हती?’ तिनं विचारलं.

नव्हती, मी म्हणाले. अव्वानं तांब्यातलं घोटभर पाणी घेतलं. मग म्हणाली, ‘हे तुज्या बापाला कुनी तरी सांगायला पायजे होतं.’ अप्पा जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मला इतका राग आला की कुणावर काढावा ते समजेना. लातूरला पोचल्यावर पहिला फोन करून दात काढायची तारीख रद्द केली.

त्यानंतर दात राखणं हे माझं दुसरं दुकानच झालं. नांदेडच्याच एका दंतवैद्यांकडे जाऊ लागले. दर तीन महिन्यांनी ते दातांना फ्लोराइडचा लेप देतात. औषधी पेस्ट लिहून दिली आहे, ती रात्री मऊ ब्रशनं लावायची, थुंकायची आणि चूळ भरायची नाही. चूळ न भरता झोपायचं हे मला फार जड गेलं, सगळ्या जन्माची सवय. जाऊबाईंनी फ्लोराइडचं नाव ऐकलं आणि घर डोक्यावर घेतलं, कारण बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडनं गावंच्या गावं पिवळ्या दातांची झालेली आम्ही पाहिली आहेत. डॉक्टरांना विचारलं. ते लहानपणापासून पोटात गेलेलं असतं, हे वरून लावून थुंकायचं आहे, दोन्हींचा हिशोब वेगळा, असं ते म्हणाले. गोळ्यांची बरणी मी स्वतः गटारात रिकामी केली. चिंचही सुटली, आंबट तोंडाला पाणी आणतं पण दाताचं वरचं कवच खातं. आता बिनसाखरेचं च्युइंगम चघळते. साड्यांच्या दुकानात मालकीण कॉलेजच्या पोरीसारखी रवंथ करत बसते म्हणून बाजारात माझी थट्टा झाली, होऊ दे. जेवल्यावर चूळ, आणि दिवसभर साध्या पाण्याचा घोट. गोड खायचंच तर जेवणाबरोबर, मधेअधे नाही.

मधेअधे नाही, म्हणजे दुकानातला चहा बंद.

यावर घरात जे झालं ते झालं. एका कपानं काय होतंय, असं नवरा म्हणाला. मी म्हणाले, तो एक कप तुम्हाला दिसतो, माझ्या दातांना दिवसभराचे सगळे दिसतात. बिनसाखरेचा पिऊन पाहिला. तो चालला असता, पण पोऱ्यानं आणलेल्या ताटात साखरेचा कोणता आणि बिनसाखरेचा कोणता याचा गोंधळ व्हायला लागला, आणि चहानं माझा घसा आणखी सुकायचा. मग नवऱ्यानंच युक्ती काढली. ताटातल्या एका कपात नुसतं कोमट पाणी ठेवायचं. कप चिनीमातीचे, बाहेरून काही कळत नाही. मी उचलायचा, बायका उचलतात, सासऱ्यांचा नियमही मोडत नाही. पेढा तोंडात घेऊन गालात ढकलायचा आणि आत जाऊन थुंकायचा. मला ते फसवणुकीचं वाटलं, पण दातांसाठी मी गप्प बसले.

त्या लग्नसराईनंतर नांदेडला गेले तेव्हा डॉक्टरांनी आरसा फिरवून फिरवून पाहिला आणि सांगितलं की या वेळी नवीन कीड एकही नाही. एक दाढ मधल्या काळात गेली होती, ती जाणारच होती. बाकीचे होते तिथं होते. मी बसस्थानकावर येऊन पेरू विकत घेतला आणि चक्क दातांनी तोडून खाल्ला, प्रत्येक घासाला पाण्याचा घोट घेत. इतकी खूश मी मुलीच्या लग्नातही नव्हते.

हे सगळं पुढच्याच हंगामात जवळजवळ हातचं गेलं होतं.

औशाजवळच्या एका खेड्यातलं कुटुंब बस्त्याला आलं होतं. नवऱ्या मुलाच्या आजीच्या हातात सगळा कारभार होता, सुनासुद्धा तिच्या तोंडाकडे बघूनच साडीला हात लावत होत्या. चहा आला. मी माझा कप उचलला, बायकांनी उचलले. आजी माझ्या अगदी शेजारी बसली होती. काठ दाखवायला मी वाकले, तेव्हा तिला माझ्या कपात दिसलं. तिनं आपला कप खाली ठेवला. तिच्या सुनांनीही ठेवले.

‘आमच्यासंगं च्या चालत न्हाई व्हय तुमाला?’ ती म्हणाली.

आवाज चढवला नव्हता. पण सगळं दुकान ऐकत होतं. ती कुठल्या वस्तीतली, कुठल्या घरातली हे मी विचारलं नव्हतं, आम्ही कुणालाच विचारत नाही. मात्र असा प्रश्न ज्याला आयुष्यात असलं काही आधी सोसावं लागलं आहे तोच विचारतो. पलीकडून नवरा मला डोळ्यांनी खुणावत होता की घे, आजच्या दिवस घे. ताटात एक जादा कप भरलेला होताच. मी तो उचलला असता तर प्रकरण तिथंच मिटलं असतं. मग उद्याच्या आजीसाठीही उचलावा लागला असता, परवाच्या वरमाईसाठीही, आणि पुन्हा सगळं पोखरत गेलं असतं. न उचलावा तर सासऱ्यांनी उभ्या हयातीत कमावलेलं मी एका कपापायी घालवत होते. लाज वाटत होती आणि ती खरी होती, कारण चहा न पिण्याचं कारण माझं चांगलं होतं पण लपवण्याचं नव्हतं.

मी आजीपुढे तोंड उघडलं. दुकानात, सगळ्या बायकांदेखत, आ केला. मोडलेले, भरलेले, टोप्या घातलेले सगळे दात दाखवले, आणि भेगा पडलेली कोरडी जीभ बाहेर काढून दाखवली. मग सांगितलं की माझ्या तोंडाला पाणी सुटत नाही, असा आजार आहे, गोड चहानं दात गळतात आणि माझ्या तोंडात कवळी राहणार नाही, म्हणून मी पाणी पिते. तुमच्याबरोबर नाही असं नाही, कुणाबरोबरच पीत नाही. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून लपवून पीत होते.

आजीनं वाकून माझ्या जिभेकडे पाहिलं. तिचा विश्वास बसला की नाही ते चेहऱ्यावरून कळेना. मग तिनं हात पुढे केला आणि माझ्या हातातला कप काढून घेतला. नाकाशी नेला. एक घोट प्याली.

‘पानीच हाय,’ ती सुनांना म्हणाली. कप तिनं परत माझ्याकडे धरला आणि माझ्याकडे बघत राहिली. सुनाही बघत होत्या, काउंटरमागून नवराही. ‘दात राख बाई. पर आसं चोरून पीत जाऊ नको.’

तिनं ओठ लावले होते तिथंच मी ओठ लावले आणि उरलेलं पाणी पिऊन टाकलं. आजीनं तिचा चहा उचलला, मग सुनांनीही उचलला.